मधली चकती

नैवाशाच्या दक्षिणेला, जिथे जमीन
उकळत्या पातेल्याच्या झाकणासारखी थरथरते,
आमची वाफेची नळी टेकडी उतरते
आणि मध्येच एक उंच कमान करते,
खालून जिराफांना जाता यावं म्हणून.

कमानीच्या पायथ्याशी दोन लोखंडी तोंडं.
एक विहिरीकडचं, एक टर्बाईनकडचं.
फ्लँज.
जेरोप म्हणते, कायमचंच जोडायचं असतं
तर वेल्डिंग केलं नसतं का?
हा सांधा पुन्हा उघडता यावा म्हणून आहे.

ती हातात केरसुणीचा दांडा घेऊन चालते.
दाबाखालची वाफ दिसत नाही.
दिसतो तो तिचा नंतरचा, दमलेला, पांढरा पसारा.
दांड्याचं टोक उडालं की समजायचं,
इथे मान गेली असती.

रात्री पावणेतीनला झडप बंद. थंड व्हायला वेळ लागला.
सडक्या अंड्याचा वास आधी आला, मग येईनासा झाला.
"नाक विसरलं की मीटर बघ," जेरोप म्हणाली.
आणि पाना माझ्या हाती देत:
"पलीकडचा नट आधी सैल कर.
आत उरलंसुरलं असेल ते
तुझ्याकडे पाठ करून निघू दे."

तोंडं उघडली.
त्यांच्यावर बारीक गोल रेघा, जुन्या तबकडीवर असतात तशा.
तिने त्यावरून नख फिरवलं, डोळे मिटून.
गोल रेघा चालतात.
आतून बाहेर जाणारा एकच ओरखडा
पुरेसा असतो; वाफेला तेवढी पायवाट खूप.

भांडाराचा किमेली म्हणाला, जुनीच चकती बसवा,
नवी यायला गुरुवार उजाडेल.
जेरोपने जुनी उजेडात धरली.
पोलादाच्या पट्टीत काळं ग्राफाइट, गुंडाळत गेलेलं,
कुठे चपटं, कुठे अजून चपटं.
"ही एकदाच चिरडते," ती म्हणाली,
आणि स्वतःच्या पिशवीतून नवी काढली.
कुठून आणली, कोणी विचारलं नाही.

तरी दोन तोंडं समोरासमोर येईनात.
चार मिलीमीटर. सायबाला घाई होती:
बोल्ट घाला, आवळा, खेचली जाईल.
"खेचली जाईल," ती म्हणाली, "आणि रुसून बसेल.
आज गप्प. जुलैत ओरडेल."
मग आम्ही खालचा आधार सोडवला, पाचर काढली, पाचर घातली.
पाच वाजले.

आठ बोल्ट.
पहिला, मग त्याच्या समोरचा. मग काटकोनातला. मग त्याच्या समोरचा.
शेजाऱ्याला लगेच हात लावायचा नाही,
नाहीतर तोंड इकडे मिटतं, तिकडे वासतं.
आधी थोडं, सगळ्यांना. मग आणखी थोडं, सगळ्यांना.
पूर्ण जोर शेवटी. त्यानंतर एक फेरी गोल.
आवळताना बोल्ट केसभर लांबतो
आणि आखूड व्हायचा हट्ट सोडत नाही.
त्या हट्टावर सगळी नळी उभी.

सहा चाळीसला वाफ सोडली.
तिने दांडा फिरवला.
टोक जागेवर.

फिटर होण्याआधी मी दोन वर्षं दुभाषा होतो.
आमची वस्ती हलवायची होती, त्या बैठकांत
एका बाजूला कंपनी, एका बाजूला माझे चुलते.
कंपनीचं मी माईत सांगायचो,
चुलत्यांचं इंग्रजीत.
दोन्हीकडून मलाच विचारत,
तू नक्की तेच बोललास ना?

जुनी चकती जेरोपने मला दिली. घरी ने, म्हणाली.
आईने ती उलटी-पालटी केली.
काय आहे हे?
दोघांच्या मध्ये असते, मी सांगितलं.
"मग तापली असेल," आई म्हणाली,
आणि चुलीशेजारी ठेवून तिच्यावर किटली टेकवली.
किटली डुगडुगली.
तिने एका बाजूला खडा सरकवला.